धातू, तेजाब आणि एक जोडवं : प्रकल्प नोंदी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. अकरावीच्या तीन मुलांनी केलेल्या प्रकल्पाच्या या माझ्या नोंदी. मुलांची नावं लिहीत नाही. ज्याच्याकडे जे काम तेच त्याचं नाव : घड्याळवाली, वहीवाला आणि गलाईवाल्यांची नात. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं हा धंदा घेऊन देशभर पांगली आहेत. दूर दक्षिणेतल्या एखाद्या सराफ पेठेत उभं राहून मराठीत हाक मारली, तर बऱ्याचदा आमच्याकडचाच कुणीतरी दुकानातून डोकं बाहेर काढतो.

१८ नोव्हेंबर २०२४

विषय ठरला : तीव्र आम्लांत धातूंचं काय होतं. वहीवाल्यानं पहिल्या पानावर गृहीतक लिहून आणलं. "आम्ल जितकं कडक तितका धातू लवकर विरघळतो. क्रियाशीलता श्रेणीत जो धातू वर तो आधी, जो खाली तो नंतर." (ही श्रेणी म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याच्या ओढीनुसार लावलेली धातूंची रांग. तिच्यात हायड्रोजनच्या वर असलेले धातू आम्लातून हायड्रोजन सोडवू शकतात, खालचे नाही.) मी काही न बोलता खाली सही केली. चूक आहे हे मला माहीत होतं, पण प्रयोगाआधीच गृहीतक दुरुस्त करून दिलं तर प्रयोग कशाला करायचा?

साहित्य : मॅग्नेशियमची फीत, स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल, दाणेदार जस्त, लोखंडी खिळे, तांब्याची तार, शिशाचा एक तुकडा. आम्लं तीनच : हायड्रोक्लोरिक, सल्फ्यूरिक, नायट्रिक. शिसं वहीवाल्याच्या चुलत्याच्या गॅरेजातून आलं.

आम्लाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते आणि वही लॅबमधल्या मामांकडे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं आम्लाच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली, तेव्हापासून शिक्षणसंस्थांनाही वापराची नोंद ठेवावी लागते. किती काढलं, कशासाठी, कुणी. मामा ही वही देवळातल्या देणगीवहीसारखी जपतात. मुलांना वाटलं, हे सगळं सरकारी कौतुक. मी म्हटलं, ती बंधनं का आली ते घरी जाऊन आईला विचारा. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही.

२१ नोव्हेंबर

आज फक्त द्रावणं. बाटलीतलं हायड्रोक्लोरिक सुमारे साडेअकरा मोलर (मोलर म्हणजे लिटरभर द्रावणात आम्ल किती आहे त्याचं माप). त्यातलं ८६ मिली घेऊन ५०० मिली केलं, म्हणजे २ मोलर झालं. संहत सल्फ्यूरिक १८ मोलरच्या थोडं वर, त्याचं २७ मिली घेऊन १ मोलर केलं. पाण्यात आम्ल, थेंबाथेंबानं, ढवळत. उलट कधीच नाही. तरी बीकर हाताला चटका बसेल इतका तापला. घड्याळवालीनं विचारलं, अजून धातू टाकलाच नाही, मग तापलं कशानं? सल्फ्यूरिक आम्लाला पाण्याची एवढी ओढ असते, की नुसत्या मिसळण्यातच उष्णता बाहेर पडते. संहत आम्लावर पाणी ओतलं तर वरचं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि आम्ल घेऊनच तोंडावर उडतं.

एक भांडण आत्ताच मिटवून टाकलं. 'तीव्र' आणि 'संहत' हे दोन वेगळे शब्द आहेत. हायड्रोक्लोरिक कितीही पातळ केलं तरी तीव्रच राहतं, कारण पाण्यात गेल्यावर त्याचा जवळजवळ प्रत्येक रेणू हायड्रोजन आयन सोडून देतो. संहत म्हणजे पाणी कमी, आम्ल जास्त. त्याच्या उलट ते विरल. बोलताना आपण दोन्हीला 'कडक' म्हणतो आणि तिथेच गोंधळ होतो. वहीवाल्याला गृहीतकातला 'कडक' खोडायचा होता. मी खोडू दिला नाही.

जाता जाता एक लहान बीकर कोपऱ्यात ठेवला : २ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये तांब्याची तार, झाकण नाही. सगळ्यांचं एकमत, की काही होणार नाही. बघू.

२५ नोव्हेंबर

मॅग्नेशियम. आमचा तराजू ०.०१ ग्रॅमच्या खाली जात नाही, म्हणून युक्ती केली. एक मीटर फीत तोलली, ०.९१ ग्रॅम भरली. म्हणजे ४.४ सेंटिमीटरचा तुकडा ०.०४० ग्रॅम. तो पाण्यानं भरून उलट्या धरलेल्या मोजनळीखाली २ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये सोडला. तुकडा जवळजवळ धावतच सुटला, मिनिटाच्या आत संपला. वरती वायू गोळा झाला ४५ मिली.

हिशोबानं २७ अंशांना ४०.५ मिली यायला हवा. मुलं हिरमुसली. पुन्हा केलं : ४५.५. तिसऱ्यांदा : ४५. वहीवाला हळूच म्हणाला, "मॅडम, चाळीस पूर्णांक पाच लिहू का?" मी म्हटलं, लिहिलंस तर प्रकल्प बंद. तीन वेळा तेच आकडे येतायत, तेव्हा चूक आपल्या हाताची नाही, हिशोबाची आहे. घरी जाऊन विचार करा.

२६ नोव्हेंबर

गलाईवाल्यांची नात सकाळी दारातच उभी. "मॅडम, आपण समुद्रावर राहत नाही!" बरोबर. हिशोबात हवेचा दाब ७६० मिलिमीटर धरला होता आणि आपण राहतो पठारावर. भौतिकशास्त्र विभागातल्या दाबमापकावर ७०५ दिसत होता. शिवाय वायू पाण्यावर गोळा केला, म्हणजे त्यात पाण्याची वाफही आहे. २७ अंशांना तिचा वाटा सुमारे २७ मिलिमीटर. उरलेल्या ६७८ नं हिशोब केला तर उत्तर ४५.४ मिली. तिघांनी टाळ्या वाजवल्या. मामा बघायला आले, की काय फुटलं.

यानंतर मी हेन्री कॅव्हेंडिशची गोष्ट सांगितली. १७६६ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं, की जस्त, लोखंड आणि कथिल यांच्यावर विरल सल्फ्यूरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की एक पेट घेणारी हवा निघते. किती हवा निघेल हे धातूच्या वजनावर ठरतं, आम्ल बदलल्यानं जस्तापासून मिळणारी हवा बदलत नाही. हायड्रोजन हे नाव पुढे फ्रान्समध्ये पडलं. आमच्या मुलांनी काल जे मोजलं ते मापच मुळात त्याचं. परीक्षानळीच्या तोंडाशी काडी नेऊन लावली की तोच 'पॉप' आवाज.

२८ नोव्हेंबर

जस्त आणि लोखंड. २० मिली वायू जमायला किती वेळ लागतो ते घड्याळवाली मोजणार.

लोखंडी खिळा २ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये : तासाभरात जेमतेम. आणि वायूला वास! शुद्ध हायड्रोजनला वास नसतो. खिळ्यातल्या कार्बन-फॉस्फरसच्या अशुद्धींपासून बनलेल्या वायूंचा तो वास. नोंद केली.

जस्त १ मोलर सल्फ्यूरिकमध्ये : ६ मिनिटं ४० सेकंद. श्रेणीत जस्त लोखंडाच्या बरंच वर आहे, तरी हे इतकं आळशी का? मी पाच थेंब मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या सल्फेटचं, निळं द्रावण टाकायला सांगितलं. दाणे काळवंडले आणि फेस उठला. १ मिनिट ५० सेकंद.

आता गंमत. वाटीत जस्ताचा मोठा दाणा, आम्लात, जेमतेम बुडबुडे. त्याला तांब्याच्या तारेनं नुसता स्पर्श केला. बुडबुडे तारेवर! तांबं आम्लाशी बोलतच नाही, मग त्याच्या अंगावर हायड्रोजन कुठून? मुलं पाच मिनिटं गप्प होती, आणि मला वाटतं, या अख्ख्या प्रकल्पातली तीच माझी सगळ्यात आवडती पाच मिनिटं. विरघळतंय जस्तच. त्याचे इलेक्ट्रॉन तारेत जातात आणि हायड्रोजन आयन ते तारेच्या पृष्ठभागावर उचलतात, कारण जस्ताच्या स्वतःच्या अंगावर हायड्रोजनची जोडी जमायला जड जातं. जस्त जितकं शुद्ध तितकं ते आम्लात सुस्त, हे स्वित्झर्लंडच्या द ला रीव्हनं १८३० च्या सुमारासच दाखवलं होतं. बाजारातलं जस्त विरघळतं ते बरंचसं त्याच्यातल्या भेसळीच्या जोरावर.

वहीवाल्यानं गृहीतकाच्या शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. पहिलं.

२ डिसेंबर

ॲल्युमिनियम. श्रेणीत जस्ताच्याही वर. २ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये फॉइलचा तुकडा टाकला. काहीच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. घड्याळवाली कंटाळून खिडकीतून बाहेर बघायला लागली. चार मिनिटं दहा सेकंदांनी फॉइल करडं झालं आणि मग एकदम उसळलं. पुढचे २० मिली ५० सेकंदांत. थर्मामीटर २६ वरून ४१ वर.

ॲल्युमिनियमच्या अंगावर कायम ऑक्साइडचं एक झिरझिरीत कवच असतं, मिलिमीटरच्या काही दशलक्षांश हिश्श्याएवढं. आम्ल आधी ते पोखरतं. एकदा आतला धातू उघडा पडला की अभिक्रियेनं द्रावण तापतं, तापल्यानं वेग वाढतो, वाढलेल्या वेगानं आणखी तापतं. म्हणून हा प्रयोग बूच लावलेल्या बाटलीत करायचा नाही. कधीच नाही.

मग तेच फॉइल १ मोलर सल्फ्यूरिकमध्ये. अर्धा तास झाला तरी चार-दोन बुडबुडे. हायड्रोजन आयनांचा तुटवडा नाही, कवचही तेच, तरी हे थंड आणि ते उसळतं? गलाईवाल्यांची नात म्हणाली, फरक क्लोराइडचाच असणार. डब्यातलं चिमूटभर मीठ टाकलं. सात-आठ मिनिटांत फॉइलवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटले आणि प्रत्येक ठिपक्यातून बुडबुड्यांची सर सुटली. क्लोराइड आयन कवचाला भोकं पाडतात, सल्फेट ते काम इतक्या सहज करत नाही. कैरीच्या मिठानं ॲल्युमिनियमच्या डब्याला बारीक भोकं का पडतात ते मामांना आज समजलं. "म्हणजे बायको बरोबर होती," असं म्हणून ते निघून गेले.

शिसं : सल्फ्यूरिकमध्ये टाकलं, वरून मळकट पांढरं झालं आणि थांबलं. श्रेणीत हायड्रोजनच्या वर आहे, विरघळायला हवं होतं. पण त्याचं सल्फेट पाण्यात विरघळत नाही, ते जिथल्या तिथे लेपासारखं बसतं. याच भरवशावर बर्मिंगहॅमला जॉन रोबकनं १७४६ साली सल्फ्यूरिक आम्ल काचेऐवजी शिशाच्या खोल्यांमध्ये बनवायला घेतलं आणि आम्ल स्वस्त झालं. गाडीची बॅटरीही त्याच भरवशावर चालते.

प्रश्नचिन्हं तीन झाली.

५ डिसेंबर

नायट्रिकचा दिवस. फ्यूम हूडचा, म्हणजे धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा गेले वर्षभर नुसता आवाज करतो, म्हणून सगळं मागच्या उघड्या व्हरांड्यात. वारा पाठीकडून येईल असं टेबल लावलं. चष्मे, हातमोजे, आणि मुलं तीन मीटर लांब. नायट्रिकला फक्त मी हात लावणार.

तांब्याच्या तारेचा छोटा वेटोळा संहत नायट्रिकमध्ये टाकला. क्षणात हिरवं द्रावण आणि बीकरच्या काठावरून ओघळणारा तांबूस-तपकिरी धूर. हा नायट्रोजन डायऑक्साइड. छातीत गेला तर लगेच फारसं काही वाटत नाही, माणूस घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी साचायला लागतं. हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना गलाईवाल्यांच्या नातीकडे बघितलं नाही, पण तिला कळलं.

तांबं हायड्रोजनच्या खाली, मग इथे कसं विरघळलं? कारण इथे तांब्याचे इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयन घेतच नाही. नायट्रेट घेतं. म्हणून बुडबुडे हायड्रोजनचे नसतात. आम्ल संहत असेल तर तपकिरी वायू, विरल असेल तर मुख्यतः बिनरंगी नायट्रिक ऑक्साइड, जो वर येऊन हवा लागताच तपकिरी होतो. नायट्रिकमधून हायड्रोजन मिळवायचा तर आम्ल अगदी पांचट, एखादा टक्का, आणि धातू मॅग्नेशियम किंवा मँगनीज हवा. आम्लाचा दुसरा अर्धा, ज्याला आपण समीकरणात शेपटासारखा वागवतो, तोच इथे मालक आहे.

कोपऱ्यातला २१ नोव्हेंबरचा बीकरही बाहेर आणला. तार अजून आहे, पण द्रावण फिकट हिरवं! "काही होणार नाही" म्हणणारे चौघंही हरलो. हायड्रोक्लोरिकनं तांबं खाल्लं नाही, हवेतल्या ऑक्सिजननं त्याचे इलेक्ट्रॉन घेतले आणि आम्लानं जे सुटलं ते उचललं. बीकरला झाकण असतं तर हरलो नसतो.

सगळ्यात शेवटी खिळा. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा विरल नायट्रिकमध्ये : फसफस, धूर, खिळा बारीक होतोय. दुसरा तसाच खिळा ७० टक्के संहत नायट्रिकमध्ये : एक क्षण तपकिरी झाक, मग शांत. पाच मिनिटं चिमट्यात धरून बसले. चकचकीत तसाच. कडक आम्लात लोखंड सुखरूप, पातळ आम्लात मरतंय!

तोच खिळा अलगद काढून विरल नायट्रिकमध्ये सोडला. तिथेही काही नाही. मग तांब्याच्या तारेनं एक टोचणी दिली. स्पर्श केला तिथून एक सावली पूर्ण खिळ्यावर पसरली आणि दुसऱ्या क्षणी तो पहिल्यासारखाच फसफसायला लागला. वहीवाला "आईशप्पथ" म्हणाला आणि जीभ चावली.

ही निष्क्रियता जेम्स कीरनं १७९० मध्ये टिपून ठेवली होती. १८३६ मध्ये शोनबाइननं बाझेलहून मायकेल फॅरडेला पत्र लिहिलं, आणि फॅरडेनं म्हटलं, की लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडची अदृश्य खोळ असणार. संहत आम्ल ती खोळ बनवतंही आणि राखतंही. संहत सल्फ्यूरिकचंही तसंच काहीसं आहे, फक्त तिथे लेप लोखंडाच्या सल्फेटचा. म्हणून ९८ टक्के आम्ल साध्या पोलादी टँकरमधून हमरस्त्यानं जातं. त्याच टाकीत पाणी शिरलं, तर तेच आम्ल पोलाद खायला लागतं आणि आत हायड्रोजन भरतो.

संध्याकाळी हातमोजे काढले तर उजव्या तर्जनीवर पिवळा डाग. कुठून तरी एक थेंब आत गेला होता. हा डाग साबणानं जात नाही. कातडीतल्या प्रथिनांचाच रंग बदललेला असतो, कातडी निघेल तेव्हाच तो जातो. नातीनं बघितलं आणि म्हणाली, "आजोबांची सगळी बोटं अशीच आहेत."

८ डिसेंबर, रविवार

तिच्या घरी गेलो. आजोबा भाचीच्या लग्नासाठी तमिळनाडूहून आलेत. चाळीसेक वर्षं तिकडे गलाईचं दुकान. अंगणात बसलो, चहा झाला, आणि मी खिळ्याचं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"तेजाब लई कडक असलं की काम करत न्हाय, मॅडम. आमी निम्मं पानी घालतो."

तेजाब म्हणजे त्यांच्या बोलण्यात नायट्रिक. मग त्यांनी सोन्याचं सांगितलं. मोडीतलं सोनं आलं की त्यात चांदी-तांबं किती आहे कुणास ठाऊक. तसंच तेजाबात टाकलं तर वरवरची चांदी निघते आणि आतली अडकून बसते. म्हणून आधी उलटं करायचं : एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी होईल इतकी चांदी आणखी घालायची, मुशीत टाकणखार घालून वितळवायचं, पाण्यात ओतून त्याच्या चुरमुऱ्यासारख्या कण्या करायच्या आणि मग तेजाबात उकळायच्या. चांदी, तांबं पाण्यात जातं. खाली राहतं ते सोनं.

"सोनं किती असलं तर अडतं, काका?"

"तिसऱ्या हिश्शाच्या वर गेलं की चांदी आत लपती. आन् लईच कमी असलं की सोन्याचा भुगा हुतो, धुताना वाहून जातो. चौथा हिस्सा बरोबर. सोन्याचं जाळं ऱ्हातं."

मुलांकडे बघितलं. तिघंही लिहीत होती. सोन्याचे अणू दाट असतील तर चांदीच्या अणूंपर्यंत आम्लाला वाटच सापडत नाही. ऑक्साइड नाही, सल्फेट नाही, इथे सोनंच कवच झालं. पृष्ठभागाचा प्रश्न मी पुस्तकातून शिकले, यांनी मुशीतून.

निघालेलं सोनं पिवळं नसतं, तपकिरी मातीसारखं दिसतं. तापवलं की पिवळं होतं. "पयल्यांदा बघितलं तवा मी मालकाला म्हटलं, सोनं जळलं. मालक लई हसला." अजून शुद्ध हवं असेल तर आम्लराज : तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, ताजं मिसळलेलं. एकट्या नायट्रिकला सोनं दाद देत नाही, एकट्या हायड्रोक्लोरिकलाही नाही. दोघं मिळून मात्र नायट्रिक इलेक्ट्रॉन ओढतं आणि क्लोराइड सुटलेल्या सोन्याला लगेच पकडून ठेवतं, परत बसू देत नाही.

धुराचं मी विचारलं. आधी खोलीला खिडकी एकच होती, म्हणाले. चिमणी नंतर झाली. मग विषय लग्नाकडे वळवला. बोलताना मध्येच थांबून खोकत होते. आम्ही आणखी विचारलं नाही.

निघताना आजींनी एक तुटकं जोडवं दिलं. "ह्येचं बघा काय हुतंय. दुकानदारानं शुद्ध चांदी म्हणून दिल्यालं." आजोबांनी ते कसोटीवर घासलं, तेजाबाचा थेंब लावला, डोळे बारीक करून बघितलं. "बारा आणे धरा." मुलांना आणे कळेनात. सोळा आणे म्हणजे पूर्ण.

११ डिसेंबर

जोडव्याचा तुकडा १.०२ ग्रॅम. व्हरांड्यात, निम्मं पाणी घातलेलं नायट्रिक, ५ मिली. चांदीच्या तीन अणूंना आम्लाचे चार रेणू या प्रमाणात हिशोब केला तर हे भरपूर होतं. मंद ऊब दिली. तुकडा वीस मिनिटांत दिसेनासा झाला, द्रावण निळसर. निळा रंग म्हणजे तांबं, चांदीचं नायट्रेट बिनरंगी असतं. 'शुद्ध चांदी' तिथेच उघडी पडली.

आता पातळ करायचं होतं. मी आत हातमोजे बदलायला गेले आणि वहीवाल्यानं मदत म्हणून बीकर भरला. बोअरच्या पाण्यानं. परत आले तर दूध! पांढरंशुभ्र, दाट. तो घाबरून भिंतीला टेकला होता. बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड. चांदीचं क्लोराइड पाण्यात विरघळत नाही.

रागावले नाही. खरं म्हणजे आनंदच झाला, कारण २ तारखेला ॲल्युमिनियमला भोकं पाडणारं तेच क्लोराइड इथे चांदीला पकडून बसलं होतं. गाळून पांढरा साका वेगळा ठेवला. निळसर पाण्यात उरलेली चांदी आहेच. त्यात वजन केलेली तांब्याची पट्टी लटकवली. पाचच मिनिटांत पट्टीला राखाडी दाढी फुटली.

हाताला लागलेल्या द्रावणाचे काळे डाग पडतील हे तिघांना सांगितलं होतं. पडले.

आणि एक : हे द्रावण असलेली भांडी स्पिरिटनं धुवायची नाहीत. नायट्रिक, चांदी आणि अल्कोहोल एकत्र आले तर स्फोटक क्षार बनू शकतो. फक्त पाणी. बाटलीतलं.

१६ डिसेंबर

खिडकीत राहिलेला पांढरा साका उन्हानं जांभळट झालाय. तो विरल सल्फ्यूरिकमध्ये घेऊन जस्ताचे दाणे टाकले. फेस, आणि पांढऱ्याचं हळूहळू करडं. जस्त स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन क्लोराइडमधून चांदी सोडवतं. उरलेलं जस्त आम्लात विरघळू दिलं, धुतलं, वाळवलं.

पट्टीवरून खरवडलेली चांदी ०.६९ ग्रॅम. साक्यातली ०.०८ ग्रॅम. एकूण ०.७७.

पट्टीची घट ०.२४ ग्रॅम. ०.६९ ग्रॅम चांदीसाठी ०.२० पुरे होती. वरचे ०.०४ ग्रॅम उरलेल्या नायट्रिकनं खाल्ले असणार, पातळ करण्यात आम्ही जरा कंजुषी केली होती. घड्याळवालीनं हे माझ्याआधी ओळखलं. घड्याळ वहीवाल्याकडे द्यायचं आणि वही तिच्याकडे, असं ठरलं.

०.७७ भागिले १.०२. पंचाहत्तर टक्के आणि वर थोडंसं.

बारा आणे.

१९ डिसेंबर

सांडपाण्याचा दिवस. निळं द्रावण गटारात नाही. खिळे टाकून तांबं खाली बसवलं, खिळे लालसर झाले. उरलेलं आम्ल धुण्याच्या सोड्यानं मारलं, फेस थांबेपर्यंत. मामांनी वहीत एकूण वापर लिहिला आणि खाली रेघ मारली.

पहिल्या पानावरचं गृहीतक मुलांनी खोडलं नाही. त्याच्या खाली लिहिलं : "श्रेणी सांगते की अभिक्रिया होऊ शकते का. ती होते का आणि किती वेगानं, हे धातूच्या पृष्ठभागावर काय बसलंय आणि आम्लात हायड्रोजनखेरीज दुसरं काय आहे त्यावर ठरतं." त्यावर मी सही केली. या वेळी विचार करावा लागला नाही.

संध्याकाळी चांदीचा भुगा आजोबांनी घरच्या मुशीत वितळवून दिला. तुरीच्या दाण्यापेक्षाही लहान गोळी. आजींनी ती तळहातावर घेऊन उलटसुलट केली.

"आन् राह्यल्यालं चार आणं कुठं गेलं?"

नातीनं निळ्या पाण्याची एक छोटी बाटली मुद्दाम ठेवली होती, ती पुढे केली. आजी बराच वेळ बघत राहिल्या. त्या निळ्यात आमच्या पट्टीचंही तांबं होतं, पण ते कुणी बोललं नाही.